‘काळ’ इथे का आला? बहुभाषिक कोशासाठी पोस्टग्रेस, सहा वर्षांच्या वापरानंतर

काल, काळ, काव, कास, काहूर.

आमच्या परिभाषाकोशाची पहिली सूची छापून आली तेव्हा हे पाच शब्द याच क्रमाने होते. संपादक सरांनी ‘काळ’वर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “अगं, ‘काळ’ इथे का आला? ळ ह नंतर ना?” मी म्हटलं, “सर, युनिकोडमध्ये ळ ल नंतर लगेच आहे, म्हणून.” ते म्हणाले, “युनिकोडमध्ये असेल. वाचक कुठे शोधेल?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हाची आमची डेटाबेस प्रणाली शब्द नुसते कोडपॉइंटच्या, म्हणजे युनिकोड या अक्षर-मानकात प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकाच्या, क्रमाने लावायची. ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३, व चा ०९३५. त्यामुळे काल, मग काळ, मग काव. वर्णमाला मोठ्याने म्हणणाऱ्या कुणालाही काल, काव, कास, काहूर आणि मग काळ असा क्रम हवा असतो.

त्या दिवसापासून मी एक यादी ठेवली आहे. आज तिच्यात १० भाषांमधल्या ४१ नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद कधी ना कधी कुठल्या तरी वाचकाने किंवा संपादकाने दाखवलेली चूक आहे. कुठलीही डेटाबेस प्रणाली तपासायची म्हटली की आधी ही यादी तिच्यात घालते. २०१९ मध्ये आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीवर आलो तेव्हा १२ वी आवृत्ती होती, आज १८ वर आहोत. या सहा वर्षांचा अनुभव इथे लिहिते आहे. ज्यांना एकाच डेटाबेसमध्ये अनेक भाषा नांदवायच्या आहेत त्यांना तो उपयोगी पडावा.

सुरुवातीचा निर्णय एनकोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची याचा, आणि तो डेटाबेस तयार करतानाच घ्यावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये एनकोडिंग अख्ख्या डेटाबेसला एकच असतं आणि नंतर बदलता येत नाही. बदलायचं तर सगळा डेटा बाहेर काढून नव्या डेटाबेसमध्ये भरायचा. म्हणून यूटीएफ-८ हे युनिकोडचं एनकोडिंग निवडा आणि पुढे चला. नव्या डेटाबेससाठी वेगळं एनकोडिंग किंवा वेगळं लोकेल (भाषा-प्रदेशाचे नियम) हवं असेल तर ‘टेम्प्लेट१’ऐवजी ‘टेम्प्लेट०’ हा साचा घ्यावा लागतो. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच अडतात. ‘एसक्यूएल आस्की’ नावाचा एक पर्याय यादीत दिसतो, त्याला हात लावू नका. तो निवडला की पोस्टग्रेस बाइट तपासणं आणि बदलणं दोन्ही सोडून देतं आणि एकाच कॉलममध्ये चार एनकोडिंगची खिचडी साठत जाते.

पोस्टग्रेसचा मला सगळ्यात आवडलेला गुण इथेच पहिल्यांदा दिसला. ते कडक आहे. यूटीएफ-८ मध्ये न बसणारा एक बाइट जरी आला तरी ती नोंद घेत नाही, सरळ त्रुटी दाखवतं. सुरुवातीचे पंधरा दिवस या कडकपणाने आमचा जीव खाल्ला, कारण जुन्या फायलींमध्ये असे बाइट ठिकठिकाणी होते. पण प्रश्नचिन्हांनी भरलेले शब्द वर्षभराने सापडण्यापेक्षा पहिल्या दिवशी त्रुटी आलेली कधीही बरी. जपानी सहकाऱ्यांच्या फायली शिफ्ट-जेआयएसमध्ये यायच्या. हे एनकोडिंग पोस्टग्रेस साठवणुकीसाठी वापरू देत नाही, पण क्लायंटच्या बाजूने चालतं. ‘क्लायंट एनकोडिंग’ नीट सांगितलं की रूपांतर आपोआप होतं. ते नीट सांगितलं नाही तर मात्र कुठलाही कडकपणा वाचवू शकत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्टमधला मजकूर तसाच आत शिरतो, कारण बाइटच्या दृष्टीने ती वैध रोमन अक्षरंच असतात. त्याचं रूपांतर बाहेरच करून घ्यायला हवं.

आता क्रमाकडे येते, कारण खरी श्रीमंती तिथे आहे.

शब्द कुठल्या क्रमाने लावायचे आणि कुठले दोन शब्द समान मानायचे, या नियमांच्या संचाला कोलेशन म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून प्रत्येक कॉलमला, इतकंच काय प्रत्येक क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) वेगळं कोलेशन देता येतं. २०१७ च्या १० व्या आवृत्तीत आयसीयू ही भाषांचे नियम पुरवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी जोडली गेली आणि चित्र बदललं. त्याआधी सगळा भार ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीवर होता. एका यंत्रावर जे लोकेल असेल ते दुसऱ्यावर असेलच याची खात्री नव्हती, आणि असलं तरी क्रम तोच येईल याचीही नव्हती. आयसीयूमुळे अनेक भाषांचे नियम एका ठिकाणाहून मिळतात.

माझ्या यादीतली जर्मन-स्वीडिश जोडी या फरकासाठीच आहे. दोन टिंबांचं ‘ए’ जर्मनमध्ये साध्या ‘ए’शेजारी लागतं, स्वीडिशमध्ये तेच अक्षर ‘झेड’च्याही नंतर, वर्णमालेच्या शेपटाला. बाइट तेच, अक्षर तेच, पण शेजार वेगळा. जर्मनमध्येही टेलिफोन यादीचा क्रम निराळा असतो आणि तिथे हे अक्षर ‘ए-ई’ अशा जोडीसारखं धरतात. आयसीयूमध्ये भाषेच्या खुणेपुढे ‘फोनबुक’ प्रकार जोडला की तो क्रम मिळतो. स्पॅनिशमध्ये ‘सी-एच’ आणि ‘डबल एल’ ही १९९४ पर्यंत क्रमासाठी स्वतंत्र अक्षरं धरली जायची. त्या वर्षी तिथल्या भाषा-अकादमींनी हा नियम बदलला. आमच्याकडे जुन्या स्पॅनिश कोशांतल्या सूची आहेत, त्यांना ‘पारंपरिक’ प्रकार लावला आणि नव्यांना साधा. एकाच तक्त्यावर, एकाच शब्दावर, फक्त क्वेरीत वेगळं नाव देऊन. हे पहिल्यांदा चाललं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

तुर्की भाषेने मात्र आमची झोप उडवली. तिथे टिंब असलेलं ‘आय’ आणि टिंब नसलेलं ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. मोठ्या लिपीतलं साधं ‘आय’ लहान केलं की तुर्की नियमाने टिंब नसलेलं अक्षर मिळतं. वाचकाच्या शब्दांसाठी हे अगदी बरोबर. पण तोच नियम आमच्या अंतर्गत संकेतांना लागला आणि ‘टायटल’ नावाचा संकेत लहान अक्षरांत आणल्यावर कुठल्याच नोंदीशी जुळेना. त्यानंतर आम्ही नियम केला: माणसाने वाचायचा मजकूर आणि यंत्राने जुळवायचे संकेत यांचं कोलेशन कधीही एक ठेवायचं नाही. संकेत, ईमेल, फायलींची नावं यांना भाषेचा वारा लागू द्यायचा नाही.

या कामासाठी १७ व्या आवृत्तीने २०२४ मध्ये फार चांगली सोय दिली. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पोटात एक ‘बिल्ट-इन’ कोलेशन पुरवठादार आला. त्यातलं ‘सी.यूटीएफ-८’ निव्वळ कोडपॉइंटच्या क्रमाने लावतं, तरीही लहान-मोठी अक्षरं युनिकोडप्रमाणे बदलतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून राहत नाही. आता माझी मांडणी अशी असते: अख्ख्या डेटाबेसला हे कोरडं, स्थिर कोलेशन, आणि वाचकाला जिथे यादी दिसणार तिथे त्या त्या भाषेचं आयसीयू कोलेशन नाव घेऊन. १५ व्या आवृत्तीपासून संपूर्ण डेटाबेसला आयसीयू देता येतं. एकाच भाषेचं काम असेल तर तेही चालेल. १० भाषांसाठी मी देत नाही, कारण मग ‘मूळ’ भाषा कुठली हा प्रश्न उरतोच.

आणि ‘काळ’? २०२३ मध्ये आलेल्या १६ व्या आवृत्तीने तो प्रश्न माझ्या हातात दिला. तिच्यात आयसीयू कोलेशनला स्वतःचे नियम जोडता येतात. मराठीसाठी आम्ही ह नंतर ळ, ळ नंतर क्ष, क्ष नंतर ज्ञ असा एका ओळीचा नियम लिहिला. एक ओळ! काल, काव, कास, काहूर, काळ. सरांना नवी सूची पाठवली तेव्हा त्यांनी फोनवर दुसरंच काढलं: “क्ष शेवटी टाकलास? मी तर क च्या जोडाक्षरांत शोधेन.” यावर कोशकारांत दोन पंथ आहेत. वर्णमाला म्हणणारे क्ष, ज्ञ शेवटी ठेवतात. क्ष म्हणजे क आणि ष चा जोड हे मानणारे त्याला क मध्ये ठेवतात. आम्ही दोन कोलेशनं केली, एक सूचीसाठी आणि एक कोशाच्या मुख्य भागासाठी. हा वाद पोस्टग्रेसने सोडवावा अशी अपेक्षाच नाही. दोन्ही बाजूंना त्याने जागा दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक गैरसोय आहे आणि ती रोज बोचते. क्वेरीत कोलेशनचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही, ते क्वेरीच्या मजकुरातच लिहावं लागतं. म्हणजे ‘वाचकाची भाषा जी असेल ती’ असं सांगता येत नाही. प्रोग्रॅममध्ये भाषांची पक्की यादी ठेवून त्यातून क्वेरी बनवावी लागते. तक्त्याचे भाषेनुसार विभाग केले तरी विभागाच्या कॉलमचं कोलेशन मूळ तक्त्यापेक्षा वेगळं ठेवता येत नाही. आम्ही शेवटी सगळ्या भाषांचे शब्द एकाच तक्त्यात ठेवले, शेजारी भाषेच्या खुणेचा कॉलम, आणि प्रत्येक भाषेसाठी अंशतः इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून डेटाबेसने आधीच लावून ठेवलेली यादी): मराठीच्या ओळींपुरता मराठी क्रमाचा, तुर्कीच्या ओळींपुरता तुर्की क्रमाचा. सूचीचं पान आता पटकन उघडतं, कारण क्रम आधीच लावलेला असतो. भाषेची खूण ठरवताना लिपी विसरू नका. सर्बियन दोन लिपींत लिहिली जाते, चिनीचेही पारंपरिक आणि सुलभ असे दोन प्रकार आहेत. नुसतं भाषेचं नाव ठेवलं तर वर्षभरात पस्तावा होतो.

भाषेगणिक वेगळा कॉलम करण्याचा मोह होईल. आमच्या आधीच्या रचनेत तसंच होतं आणि अकरावी भाषा म्हणजे तक्ता बदलणं, प्रत्येक क्वेरी बदलणं. तो मोह टाळा.

आता समानतेबद्दल. या भागात आम्ही सर्वाधिक शिकलो.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या, दरीचं अनेकवचन. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी टंकला जातो. कुणी ऱ हे एकच अक्षर वापरतं, क्रमांक ०९३१. कुणाचा कळफलक र पुढे नुक्ता वेगळा देतो. आणि कुणाचा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह असा क्रम देतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसच्या लेखी तीन वेगळे शब्द. आमच्या कोशात ‘दऱ्याखोऱ्या’ ही नोंद तीनदा होती आणि तिन्हींना वेगवेगळ्या संपादकांनी वेगवेगळा अर्थ लिहिला होता.

२०२० च्या १३ व्या आवृत्तीत पोस्टग्रेसमध्ये युनिकोडचं प्रमाणीकरण आलं: मजकूर ‘एनएफसी’ या एका ठरलेल्या रूपात आणायचं फंक्शन, आणि तो त्या रूपात आहे का हे तपासायची सोय. आम्ही ती तपासणी कॉलमवर बंधन म्हणूनच घातली, प्रमाणित नसेल तर नोंद आतच येणार नाही. फ्रेंच, स्पॅनिश, व्हिएतनामी अशा भाषांसाठी एवढ्याने काम होतं, कारण स्वराघाताचं अक्षर एकसंध की सुटं हाच तिथला मुख्य घोळ. मराठीत पहिल्या दोन तऱ्हा एक झाल्या. तिसरी राहिली. न दिसणाऱ्या जोडचिन्हाला प्रमाणीकरण हात लावत नाही.

मग मला १२ व्या आवृत्तीतली ‘अनिश्चयी’ कोलेशनं आठवली. साध्या कोलेशनमध्ये दोन शब्द समान ठरायला बाइट तंतोतंत जुळावे लागतात. अनिश्चयी कोलेशन नियमांनी समान ठरलेल्या शब्दांना खरोखर समान मानतं. लहान-मोठी अक्षरं किंवा स्वराघात दुर्लक्षित करून शोध घ्यायला ही उत्तम. मला वाटलं, सुटला प्रश्न.

सुटला नाही, उलट बिघडला. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. कोलेशनचे नियम न दिसणारं जोडचिन्ह पूर्णपणे सोडून देतात. ते सोडलं की तिसऱ्या तऱ्हेने टंकलेल्या ‘दऱ्या’ आणि रफाराचा ‘दर्या’ यांत फरकच उरत नाही. आणि तुलना अगदी पहिल्या पातळीवर आणली, म्हणजे फक्त मूळ अक्षरं बघा असं सांगितलं, तर नुक्त्याचाही फरक गळतो आणि ऱ वापरून लिहिलेल्या दऱ्यासुद्धा समुद्रात बुडतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचंही तेच. एका चाचणीत माझ्यासमोर ही दोन एकच शब्द म्हणून आली, तेव्हा मी तो बदल त्याच दिवशी मागे घेतला.

हा दोष पोस्टग्रेसचा नाही, हे स्पष्ट लिहिते. त्याने नियम बरोबर पाळले. मी चुकीच्या भाषेवर चुकीची पातळी लावली. शेवटी उपाय साधा होता. मराठीची नोंद आत येताना आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ट्रिगर, र, हलन्त, जोडचिन्ह हा क्रम शोधतो आणि त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवतो. त्यानंतर प्रमाणीकरण. समानता मराठीसाठी तंतोतंत, युरोपीय भाषांच्या शोधासाठी सैल. प्रत्येक भाषेला समानतेची वेगळी व्याख्या लागते आणि ती त्या भाषेच्या माणसाला विचारूनच ठरवावी लागते. डेटाबेस ती फक्त पाळू शकतो.

अनिश्चयी कोलेशनची आणखी एक अडचण बरीच वर्षं होती. अशा कॉलमवर ‘लाइक’ने, म्हणजे शब्दाचा तुकडा देऊन, शोधताच येत नव्हतं. १८ व्या आवृत्तीत २०२५ मध्ये ती दूर झाली. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना लिहून केलेले शोध, अजून चालत नाहीत आणि अशा इंडेक्समध्ये सारख्या नोंदी आवळून जागा वाचवण्याची सोय मिळत नाही. मोठ्या तक्त्यावर हे जाणवतं.

लांबीबद्दल थोडक्यात. पोस्टग्रेस अक्षरं मोजताना कोडपॉइंट मोजतं. ‘क्षितिज’ वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा, डेटाबेसला ७ चा, आणि साठवणुकीत २१ बाइटचा. डावीकडचं एक अक्षर मागितलं तर ‘क्षि’ नव्हे, नुसता ‘क’ मिळतो. सूचीच्या पानावर मोठं आद्याक्षर दाखवायला आम्ही हेच वापरलं होतं आणि क्षमा, क्षय, क्षितिज हे सगळे क च्या मथळ्याखाली गेले. आद्याक्षर आता वेगळ्या कॉलममध्ये, प्रोग्रॅमच्या बाजूने काढून भरतो. लांबीची मर्यादा घालायचीच असेल तर हात सैल ठेवा. आणखी एक आकडा लक्षात असू द्या: बी-ट्री या नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्सच्या एका नोंदीला साधारण २७०४ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ९०० चिन्हांच्या आसपास. इंग्रजी व्याख्या आरामात बसतात, मराठी व्याख्येला त्रुटी येते, आणि कारण कळेपर्यंत दुपार जाते.

अंकांचंही बघा. आयसीयूला अंकानुसार क्रम लावायला सांगितलं की ‘प्रकरण २’ हे ‘प्रकरण १०’च्या आधी येतं, आणि देवनागरी अंकांनाही हा नियम लागू होतो. पण देवनागरी अंकांतला मजकूर संख्येत बदलायला सांगितलात तर पोस्टग्रेस नकार देतं. आधी अंक पालटून घ्यावे लागतात.

आता एक गंभीर इशारा. क्रमाचे नियम स्थिर नसतात. २०१८ मध्ये जीलिबसी या सी लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली आणि तिच्यातले क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जोडरेघ असलेले शब्द हे त्याचं ठळक उदाहरण. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने. अशा वेळी शोध चुकीच्या फांदीवर जातो आणि असलेली नोंद नाही असं सांगतो. आम्ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तेव्हा हे आमच्याकडे घडलं. युनिक इंडेक्स असूनही एकच शब्द दोनदा आला. त्रुटी नाही, सूचना नाही. एका संपादिकेने विचारलं, “ताई, मी काल भरलेली नोंद आज पुन्हा रिकामी का दिसते?” आणि त्यावरून शोध लागला. सगळे इंडेक्स पुन्हा बांधले, दुहेरी नोंदी हाताने जुळवल्या. चार रात्री गेल्या.

पोस्टग्रेस आता कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवतं आणि ती बदलली की इशारा देतं. १५ व्या आवृत्तीपासून अख्ख्या डेटाबेसच्या मूळ कोलेशनलाही. पण तो इशारा ‘रिफ्रेश’ केला की बंद होतो, इंडेक्स मात्र तसाच चुकीचा राहतो. आधी इंडेक्स पुन्हा बांधा, मग रिफ्रेश. हा क्रम उलटा करणाऱ्यांना मी पाहिलं आहे. आयसीयूची आवृत्ती बदलली तरी हेच लागू. ‘ॲमचेक’ नावाचं एक्स्टेन्शन (वेगळा जोडायचा पूरक भाग) इंडेक्सचा क्रम तपासून देतं, ते बसवून ठेवा. मूळ कोलेशन बिल्ट-इन ठेवायचं माझं मुख्य कारण हेच आहे: मग धोका फक्त भाषावार इंडेक्सपुरता उरतो आणि ते कुठले आहेत हे मला नेमकं माहीत असतं.

मजकुरातल्या शोधात मात्र माझं समाधान झालेलं नाही. पोस्टग्रेसचा फुल-टेक्स्ट शोध शब्दाचं मूळ रूप काढण्यासाठी स्नोबॉल नावाचे नियमसंच वापरतो. १२ व्या आवृत्तीत त्यात अरबी, नेपाळी, तमिळ आले, १३ व्या आवृत्तीत ग्रीक, १४ मध्ये हिंदी. मराठी नाही. मराठीसाठी ‘सिंपल’ हा साधा संच वापरावा लागतो आणि तो घर, घरात, घराला, घरांच्या यांना चार अनोळखी शब्द समजतो. सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधायची सोय आहे, ‘घर’ने सुरू होणारे सगळे, त्यात घरात सापडतं आणि घरटंही. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’ तरीही सापडत नाही. हिंदीचा संच मराठीला लावून पाहू नका, आम्ही पाहिला, प्रत्यय वेगळे असल्याने भलतंच तुटतं.

थाई आणि जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागाच नसते, त्यामुळे वाक्याचे शब्द पाडणाऱ्या मूळ पार्सरला अख्खं वाक्य एक शब्द वाटतं. त्यासाठी आम्ही पीजीरूंगा हे एक्स्टेन्शन घेतलं आणि त्या दोन भाषांत ते चोख चालतं. जपानी क्रमाचा प्रश्न वेगळाच. कांजी अक्षराचा उच्चार शब्दागणिक बदलतो, म्हणून उच्चारानुसार क्रम कुठलंच कोलेशन लावू शकत नाही. उच्चाराचा कॉलम स्वतंत्र ठेवावा लागतो आणि तो माणसाने भरावा लागतो. चुकीच्या वर्णलेखनासाठी ट्रायग्रॅमचं, म्हणजे शब्दाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे (त्रिकं) जुळवणारं, एक्स्टेन्शन चांगलं आहे, पण १६ वर असताना आमच्या एका चाचणी डेटाबेसचं अक्षर-वर्गीकरण नुसत्या ‘सी’ लोकेलवर होतं आणि तिथे देवनागरीचं एकही त्रिक बनत नव्हतं. शोध नुसता रिकामा यायचा. आधी चार शब्दांची त्रिकं काढून बघा, मगच इंडेक्स बांधा.

इतर प्रणाली मी कामापुरत्या पाहिल्या आहेत. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावामागे बराच काळ ३ बाइटचं अपुरं रूप होतं. पूर्ण रूपाचं नाव ‘यूटीएफ-८-एमबी-४’, आणि ८.० आवृत्तीपासून तेच मूळ धरलं जातं. तिथलं मूळ कोलेशन स्वराघात दुर्लक्षित करतं हे मात्र ठाऊक हवं, नाहीतर युनिक कॉलममध्ये दोन वेगळे शब्द भांडतात. ओरॅकलमध्ये लांबी बाइटमध्ये की अक्षरांत मोजायची ते सांगावं लागतं. न सांगितल्यास बाइट, आणि २० च्या कॉलममध्ये देवनागरीची सहाच चिन्हं मावतात. एसक्यूलाइट लहान, सुटसुटीत, पण आयसीयू न जोडता तिचं लहान-मोठं अक्षर फक्त रोमन लिपीच्या मूळ अक्षरांपुरतं. दोन-तीन युरोपीय भाषांसाठी यातली कुठलीही चालेल. भाषा वाढणार असतील, आणि क्रमावर वाद घालणारे संपादक असतील, तर मी पोस्टग्रेसच घेईन. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी १७ च्या मागे जाऊ नये. सैल समानतेवर ‘लाइक’ हवं असेल तर १८.

माझ्या ४१ नोंदींपैकी ३६ आज काहीही जादा न करता किंवा एका ओळीच्या नियमाने बरोबर येतात. २ जपानीच्या आहेत, त्यांना उच्चाराचा कॉलम लागतो. उरलेल्या ३ मराठी शोधाच्या.

त्यांच्यावर काम चालू आहे. पोस्टग्रेस इस्पेल आणि हनस्पेल पद्धतीचे शब्दकोश घेतं: एका फाइलमध्ये शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. ही दुसरी फाइल आम्ही दर शनिवारी सरांबरोबर बसून लिहितो. ते सामान्यरूपाचा नियम सांगतात, मी तो बसवते, मग दोघं मिळून अपवाद शोधतो. ‘पाण्यात’ लिहिलं की आता ‘पाणी’ सापडतं. ‘भाऊ’चं ‘भावाला’ अजून ‘भाव’कडे जातं आहे.